काम व्हर्च्युअल, ओळख ॲक्च्युअल!

घरात बसून सातासमुद्रापारची कामं करणाऱ्यांना आपल्याच गावातलं गिऱ्हाईक कसं मिळतं? लॅपटॉप बंद करून, इस्त्रीचा कुर्ता घालून आणि सकाळी सातला घराबाहेर पडून! एका व्हर्च्युअल असिस्टंटने पुण्यातल्या पुण्यात केलेल्या या प्रवासाची गोष्ट...

"म्हणजे नक्की काय? रोबो वगैरे का?"

सकाळचे सव्वासात वाजलेले. कर्वे रोडवरच्या एका हॉटेलचा हॉल. समोर तीस-पस्तीस माणसं, प्रत्येकाच्या हातात उपम्याची प्लेट आणि खिशाला नावाचा बॅज. ओळखीसाठी प्रत्येकाला मिळणारे तीस सेकंद मी नुकतेच वापरून संपवले होते. "मी व्हर्च्युअल असिस्टंट आहे, मी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सपोर्ट, कॅलेंडर मॅनेजमेंट, सोशल मीडिया, डेटा एंट्री..." घंटी वाजली. आणि समोरच्या टेबलावरून एका काकांनी अगदी मनापासून हा प्रश्न विचारला. हॉलभर हशा. मीही हसले. दुसरं करणार काय?

मोठ्या हौसेने छापलेली पन्नास कार्डं त्या दिवशी मी वाटली. बदल्यात मिळालेली त्रेचाळीस घरी आणली, रबर लावून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि फोनची वाट बघत बसले. पुढच्या पंधरा दिवसांत फोन आले दोन. एक पर्सनल लोनसाठी आणि दुसरा इन्शुरन्ससाठी!

दोन ओळींचा मेल

मुळात मी तिथे हौसेने गेले नव्हते. गरज पडली म्हणून गेले होते.

त्याआधीची तीन वर्षं मी मेलबर्नच्या एका हिशेबनिसाच्या ऑफिसचं काम करत होते. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली, कुणीतरी ऑनलाइन कामाबद्दल सांगितलं आणि सुरुवात झाली. साहेबांचे मेल निवडायचे, अपॉइंटमेंट लावायच्या, बिलं पाठवायची, थकलेल्या पैशांची गोड शब्दांत आठवण करून द्यायची. एका ऑफिसात एक जुनी, हुशार सेक्रेटरी जे सगळं करते ते सगळं, फक्त दहा हजार किलोमीटरवरून. मेलबर्नला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेचार वाजलेले असतात आणि तिकडचा उन्हाळा सुरू झाला की साडेतीन! दूधवाल्याच्या आधी उठणारी आमच्या सोसायटीतली मी एकटीच.

आई शेजारच्या काकूंना सांगायची, "ती कॉम्प्युटरवर काहीतरी करते." पुढचा प्रश्न यायच्या आत विषय भाजीवर न्यायची.

पैसे मात्र चांगले मिळत होते. माझ्या दर दहा रुपयांतले सात या एकाच ऑफिसातून यायचे. धोक्याची घंटा खरं तर इथेच वाजायला हवी होती. वाजली ती 2023 मध्ये, एका गुरुवारी. दोन ओळींचा मेल आला. आम्ही ही कामं आता सॉफ्टवेअरवर टाकतोय, महिनाअखेर थांबूया, शुभेच्छा.

राग आला, रडूही आलं. पण सगळ्यात जास्त कशाने लागलं, सांगू? या माणसाने तीन वर्षांत मला एकदाही पाहिलं नव्हतं. आमचे कॉलसुद्धा कॅमेरा बंद ठेवून व्हायचे. त्याच्या बायकोचा वाढदिवस मला पाठ होता आणि तो मात्र मला रस्त्यात भेटला असता तरी त्याने ओळखलं नसतं. ज्याला चेहरा नाही, त्याला निरोप द्यायला दोन ओळी पुरतात.

त्या रात्री ठरवलं, निदान निम्मं काम तरी अशा लोकांचं असायला हवं ज्यांच्या ऑफिसात मी चहा प्यायले आहे.

जायचं कुठे?

पुण्यात व्यवसायासाठी भेटीगाठी करायच्या म्हटलं तर जागांची कमतरता नाही. प्रत्येक जागेचा स्वभाव मात्र वेगळा.

पहिला प्रकार म्हणजे दर आठवड्याला भेटणारे रेफरल क्लब. बीएनआय हे त्यातलं जगभर पसरलेलं नाव. अमेरिकेत 1985 मध्ये आयव्हन मिझनर यांनी ते सुरू केलं. याचा फंडा साधा आहे. एका गटात एका व्यवसायाचा एकच माणूस. म्हणजे एकच सीए, एकच इंटिरिअरवाला, एकच केटरर. दर आठवड्याला यायचं, आपली ओळख सांगायची आणि एकमेकांना काम मिळवून द्यायचं. हजेरीचे नियम कडक. तुमची खुर्ची तुमच्या व्यवसायासाठी राखीव असल्यामुळे त्या गटात स्पर्धा नाही, हा मोठा फायदा. पण वर्षाची फी, दर आठवड्याचा नाश्ता, पेट्रोल आणि सकाळचे दोन-अडीच तास, हे सगळं हिशेबात धरायला हवं.

मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी सुरू केलेला सॅटर्डे क्लब आहे. तिथे भाषेचा बाऊ नाही. इंग्रजीत तीस सेकंद बोलताना ज्यांना घाम फुटतो, त्यांनी सुरुवात अशाच ठिकाणी करावी. 1934 पासून चालत आलेली मराठा चेंबर म्हणजे एमसीसीआयए आहे. तिथे कार्यशाळा आणि व्याख्यानं होतात, लहान-मोठे कारखानदार भेटतात. लहान व्यावसायिकांना हात देणारी देआसरा फाउंडेशनसारखी संस्था आहे. शिवाय को-वर्किंगची ऑफिसं, कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचे मेळावे आणि आपल्या पेठेतला व्यापारी संघ. त्याला नेटवर्किंग म्हणत नाहीत एवढंच, बाकी तेच!

मी पहिल्या दोन महिन्यांत कुठेच फी भरली नाही. बहुतेक ठिकाणी पाहुणा म्हणून एक-दोनदा जाता येतं. गेले, बसले, ऐकलं. घरी येऊन एका वहीत फक्त एकच गोष्ट लिहायची. इथल्या किती जणांची गिऱ्हाइकं माझी गिऱ्हाइकं होऊ शकतात?

लक्षात घ्या, "इथले किती जण माझी गिऱ्हाइकं होतील?" असं नाही हं! हा फरक कळायला मला बराच वेळ आणि एक छापखाना लागला.

नऊ आकड्यांची कमाल

पहिली कार्डं वाया गेली होती. त्यावर इंग्रजीत इतक्या सेवा लिहिल्या होत्या की वाचायला भिंग लागलं असतं. म्हणून नवी छापायला अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळातल्या छापखान्यात गेले. काका प्रूफ काढत होते, तोपर्यंत टेबलावरचं कुठल्याशा फिजिओथेरपी क्लिनिकचं पत्रक मी उगाच वाचत बसले. सवय! आणि एकदम खटकलं.

"काका, या मोबाईल नंबरात नऊच आकडे आहेत."

काकांनी चष्मा वर केला, बोटाने मोजलं. पुन्हा मोजलं. दोन हजार कॉपी मशीनवर चढायच्या बेतात होत्या.

"काय करता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

त्या सकाळी ते ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सपोर्ट वगैरे माझ्या तोंडात आलंच नाही. मी म्हटलं, "काका, ज्यांना ऑफिसात माणूस ठेवणं परवडत नाही, त्यांची राहून गेलेली कामं मी घरून करते. फोन, मेल, बिलं, उधारीची आठवण."

काका काही बोलले नाहीत. कार्डाचे पैसे मात्र पूर्ण घेतले. पुण्यातला छापखाना तो!

तीन आठवड्यांनी फोन आला. "त्या नंबर मोजणाऱ्या तुम्हीच का? ते पत्रक माझं होतं." त्या फिजिओथेरपिस्ट ताई माझं पहिलं स्थानिक गिऱ्हाईक. त्यांचा प्रॉब्लेम अगदी साधा होता. दहा सिटिंग सांगितलेला पेशंट चौथ्या सिटिंगनंतर बरं वाटायला लागलं की यायचाच बंद व्हायचा. फोन करायला कुणाला वेळ नव्हता. मी रोज दुपारी तासभर ते फोन करायला लागले. सुरुवात महिन्याला 8 हजारांवर झाली. मेलबर्नच्या मानाने किरकोळच. पण महिन्याच्या शेवटी त्यांनी पाकीट हातात दिलं आणि विचारलं, "जेवलीस का?"

मला काम हॉलमधल्या तीस-पस्तीस माणसांपैकी कुणी दिलं नाही. ज्या काकांना माझ्या सेवेची काडीमात्र गरज नव्हती, त्यांनी मिळवून दिलं. मी काय बोलले, यापेक्षा मी काय केलं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून!

यात नवल नाही म्हणे. मार्क ग्रॅनोवेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा 1973 चा एक गाजलेला लेख आहे. बॉस्टनजवळच्या ज्या लोकांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांना त्याने विचारलं की ज्याने खबर दिली त्याला तुम्ही तेव्हा किती वेळा भेटत होतात? नेहमी भेटत होतो, असं म्हणणारे शंभरात साधारण 17 निघाले. बाकी सगळ्यांना ही खबर अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाने दिली होती. कारणही सोपं आहे. आपल्या जवळच्या मैत्रिणींना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. नवी बातमी येते ती जरा लांबच्या ओळखीतून. छापखानेवाले काका, सीए, को-वर्किंगच्या रिसेप्शनवरची मुलगी, कुरिअरवाला. ही मंडळी दिवसभर शंभर जणांचे प्रॉब्लेम ऐकत असतात. त्यातलाच एखादा प्रॉब्लेम तुमच्या नावाचा असतो.

तीस सेकंदांत एकच डोकेदुखी

त्यानंतर माझी ओळख सांगायची पद्धतच बदलली. आता मी दर वेळी एकच डोकेदुखी सांगते. डॉक्टर असतील तर, "अर्ध्यात सोडून गेलेल्या पेशंटना मी फोन करते." आर्किटेक्ट असतील तर, "साइटवर असताना येणारे कोटेशनचे मेल तुमच्या वतीने मी त्याच दिवशी मार्गी लावते." आणि शेवटी एक नेमकी मागणी. "या आठवड्यात मला अशा एका दातांच्या डॉक्टरांना भेटायचंय, ज्यांच्याकडे रिसेप्शनिस्ट टिकत नाही."

तुम्ही म्हणाल, इतकं नेमकं मागितलं तर बाकीची कामं हातची जाणार नाहीत का? मलाही तीच भीती वाटायची. पण "कुणालाही काहीही लागलं तर सांगा" म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुणीच येत नाही. "रिसेप्शनिस्ट न टिकणारे डेंटिस्ट" म्हटलं की निदान दोघं जण एकमेकांकडे बघून हसतात. त्यांच्या डोळ्यांसमोर तोच एक डॉक्टर आलेला असतो!

आणि हो, व्हर्च्युअल असिस्टंट हा शब्द मी शेवटी सांगते. रोबोचा प्रश्न पुन्हा आला नाही. आता उलट विचारतात, "हे सगळं ते एआय करतं ना हल्ली?" मी म्हणते, मेलचा मसुदा करतं की! मीही त्याचा वापर करते. पण जोशी आजींचा गुडघा कसा आहे, हे विचारल्यावर त्या पंधरा मिनिटं सुनेबद्दल बोलतात आणि सोळाव्या मिनिटाला अपॉइंटमेंट घेतात. ती पंधरा मिनिटं ऐकायला कुणीतरी हवं.

पासवर्डचा प्रश्न

आमच्या धंद्यात प्रत्यक्ष भेटीला इतकं महत्त्व का, ते सांगते. इंटिरिअरवाल्याला तुम्ही घराची किल्ली देता. मला तुम्ही त्याहून जास्त देता. मेलचा पासवर्ड, बिलांची यादी, कोण पैसे थकवतंय, कुणाशी भांडण चाललंय, सगळंच! हे कुणी नुसती प्रोफाइल बघून का देईल?

फिजिओ ताईंनी पहिल्या दिवशी स्पष्टच सांगितलं, "पासवर्ड फोनवर नाही देणार. तू इथे समोर बस." बसले. त्यांच्याच कॉम्प्युटरवर माझं वेगळं लॉगिन तयार केलं, मला काय दिसेल आणि काय दिसणार नाही ते त्यांच्यासमोर ठरवलं. एका पानावर लिहून दिलं की पेशंटची माहिती मी कुठेही वापरणार नाही आणि काम थांबलं की सगळं परत करीन. 2023 मध्ये डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहेच. पण कायद्यापेक्षाही समोर बसून सही केलेल्या त्या एका पानाने त्यांची भीती गेली.

तेव्हापासून माझा नियमच आहे. काम कितीही ऑनलाइन असो, पहिली भेट प्रत्यक्ष. आणि दर तिमाहीत एकदा तासभर त्यांच्या जागी जाऊन बसायचं. त्या तासात कळतं ते मेलमध्ये कधीच कळत नाही. फोन कुठल्या वेळी वाजून वाजून बंद होतो, बिलाची फाइल कुणाच्या ड्रॉवरमध्ये अडकते वगैरे. माझी दोन जादा कामं अशा तासांतूनच निघाली आहेत.

नाव दिलं आणि तोंडावर पडले

सगळंच काही गोडगोड झालं नाही. एक गोष्ट सांगायला अजूनही लाज वाटते.

क्लबमध्ये शिकवतात, आधी द्या, मग मिळेल. मीही उत्साहात देत सुटले. फिजिओ ताईंना वेबसाइट करायची होती. मी एका मीटिंगमध्ये भेटलेल्या मुलाचं नाव झटकन देऊन टाकलं. दोनदा भेटला होता, बोलायला चटपटीत होता, कार्ड भन्नाट होतं. त्याने 10 हजार ॲडव्हान्स घेतला. आधी "उद्या देतो" झालं, मग "गावाला आलोय" झालं आणि मग फोनच लागेना.

ताई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं. दोन दिवस टाळाटाळ करून शेवटी मी क्लिनिकमध्ये गेले. म्हटलं, "ताई, नाव मी दिलं होतं. या महिन्याचं बिल मी लावणार नाही." त्या म्हणाल्या, "निम्मं लाव. निम्मी चूक माझी, मीही काही विचारलं नाही." 4 हजारांना पडलेला तो धडा मी आजही विसरलेले नाही.

आपण एखाद्याचं नाव सुचवतो तेव्हा आपलीच पत गहाण टाकत असतो. आता कुणाचंही नाव देण्याआधी मी त्याच्याबरोबर एकदा तासभर बसते आणि तीन गोष्टी विचारते. तुझं शेवटचं काम दाखव. ज्याचं केलंस त्याला मी फोन करू का? आणि एखादं काम फसलं तेव्हा तू काय केलंस? तिसऱ्या प्रश्नावर जो म्हणतो "माझं कधी फसलंच नाही", त्याचं नाव मी देत नाही.

दुसरा अनुभव चहाचा. "एकदा कॉफीला भेटू, आयडिया शेअर करू," म्हणत दीड तास माझ्याकडून फुकट सल्ला घेणारे महाभाग दर महिन्याला एक तरी भेटतात. आता पहिली भेट अर्ध्या तासाची, दिवसाउजेडी, गजबजलेल्या जागी आणि सोबत माझा दर छापलेला कागद. "घरीच तर असतेस, थोडं कमी कर ना!" याला माझं ठरलेलं उत्तर आहे. "दर तोच राहील, हवं तर कामं कमी करू." बहुतेक जण हसून मान्य करतात. जे करत नाहीत, ते पुढे जाऊन बिलही थकवणारच असतात!

स्पर्धक? छे, मैत्रिणी!

सगळ्यात भन्नाट गोष्ट तर मी शोधलीच नव्हती. एका कार्यशाळेत माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने ओळख सांगितली आणि मी चपापले. तीही व्हर्च्युअल असिस्टंट! आधी आम्ही दोघी जाम सावध. दर विचारायचा नाही, सांगायचा नाही. चहाच्या वेळी तिनेच विषय काढला, "तू आजारी पडलीस की काय करतेस गं?"

काय करते? ताप अंगावर काढून काम करते. तीही तेच करायची.

आज आम्ही पाच जणी महिन्याच्या पहिल्या शनिवारी कोथरूडच्या एका अमृततुल्यमध्ये भेटतो. फी नाही, घंटी नाही, बॅज नाही. एकीला हिशेब जमतो, एकीला डिझाइन, एकीला कानडी आणि गुजराती येतं. ज्याचं काम आपल्याला जमत नाही ते दुसरीला द्यायचं. आमच्यातल्या एकीच्या बाळंतपणात चौघींनी तिची गिऱ्हाइकं तीन महिने सांभाळली आणि चौथ्या महिन्यात एकही न कमी करता परत केली. त्यातल्या एका गिऱ्हाइकाने नंतर सांगितलं, "आम्हाला वाटलं होतं तुम्ही एकट्या आहात, मोठं काम कसं द्यायचं? आता देतो."

नोकरीत असताना चहाच्या सुट्टीत जी कुजबुज चालायची, ती मला किती हवी होती हे त्या टपरीवर कळलं. घरून काम करताना पैसे कमी पडले तर निदान बँकेचा मेसेज येतो. माणसं कमी पडली तर कुठलाच मेसेज येत नाही.

[चौकट] तुम्हालाही सुरुवात करायचीय?

* नोकरीत असाल आणि बाजूला हे करून बघायचं असेल, तर आधी अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा. दुसरं काम चालतं की नाही ते त्यात लिहिलेलं असतं.

* फी भरण्याआधी तिचे तास करा. वर्षाचा सगळा खर्च भागिले तुमचा तासाचा दर. उत्तर 60 आलं, तर त्या क्लबमधून निदान 60 तासांचं काम मिळालंच पाहिजे. पाहुणे म्हणून जाऊन तसं चित्र दिसलं नाही, तर नमस्कार करून निघा.

* एका वेळी एकच गट. पण तिथे सलग सहा महिने. दर आठवड्याला नव्या हॉलमध्ये दिसणारा माणूस कुणालाच ओळखीचा वाटत नाही.

* कार्ड घेतलंत की त्याच रात्री त्याच्या मागे एक ओळ लिहा. "मुलगी दहावीला, गोदाम शिवण्याला, बिलिंगचा वैताग." दोन दिवसांत फोन किंवा मेसेज करा. विकायला नाही, दहावीच्या मुलीसाठी ऐकलेला क्लास सांगायला.

* उद्यम नोंदणी करून घ्या. 1 जुलै 2020 पासून ती सरकारी पोर्टलवर होते, फुकट होते. पैसे मागणारा एजंट भेटला तर समजून जा.

* या नोंदणीचा फायदा उधारीत होतो. 2006 च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार लहान उद्योगाचं बिल ठरलेल्या मुदतीत, आणि लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं. करार नसेल तर 15 दिवसांत. बिलाखाली ही ओळ नम्रपणे छापा. जादू होते!

* सेवा देणाऱ्यांची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. परदेशी गिऱ्हाईक असेल तर सीएला एकदा विचाराच. तेवढ्या निमित्ताने सीएची ओळख होते, आणि सीए म्हणजे चालतंबोलतं नेटवर्क!

आईचे तीस सेकंद

आज माझ्याकडे सहा स्थानिक गिऱ्हाइकं आहेत आणि दोन परदेशी. फिजिओ ताई, दोन डेंटिस्ट, एक आर्किटेक्ट, एक केटरर आणि खुद्द छापखानेवाले काका. त्यांची उधारी मी वसूल करते! मेलबर्नच्या काळातलं उत्पन्न गाठायला मला दीड वर्ष लागलं. पण आज सगळ्यात मोठं गिऱ्हाईक उद्या गेलं, तरी दहातले दोनच रुपये जातील. आणि ते दोन ओळींच्या मेलने जाणार नाही. बोलावून, चहा पाजून, कारण सांगून जाईल.

पहाटे साडेचारचा गजरही बंद झाला. आता फक्त दर बुधवारी सहाला उठते, सव्वासातच्या हॉलसाठी. ज्यांनी रोबोचा प्रश्न विचारला होता ना, ते काका हल्ली माझ्या शेजारी बसतात. नवा पाहुणा आला आणि अडखळला की आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो आणि चहाच्या वेळी आधी त्याच्याकडे जातो.

परवा सोसायटीच्या हळदीकुंकवाला एका नव्या काकूंनी आईला विचारलं, "तुमची मुलगी काय करते हो?"

मी कान टवकारले. आईने वाण देता देता, अजिबात न अडखळता सांगितलं, "लोकांची राहून गेलेली कामं पूर्ण करते ती. तुमचं काही राहिलंय का?"

तीस सेकंदसुद्धा लागले नाहीत. त्या काकूंच्या जावयाचं बाणेरला पेस्ट कंट्रोलचं ऑफिस आहे. सोमवारी भेटायला जातेय, इस्त्रीचा कुर्ता घालून!